बॅलार्ड पिअरला आईची बॅग

आई बहात्तर वर्षांची. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली तेव्हा पहिला प्रश्न आला, "भाऊच्या धक्क्यावरून ना?" नाही म्हटलं, बॅलार्ड पिअर. ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "तिथे आपल्याला सोडतात?"

तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गोदीत कामाला होते. ग्रीन गेटमधून पास दाखवून रोज आत शिरायचे, पण दुसऱ्यांचं सामान उतरवायला. ही गोदी १९१४ची, तेव्हाची अलेक्झांड्रा, आताची इंदिरा. तिच्या खोदकामातून निघालेल्या मातीनेच भर घालून शेजारची बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. साहेबाची बोट लागायची ती इथे, आणि बोटीतून उतरल्यावर त्याला चालायला लागू नये म्हणून फ्रंटियर मेल ही रेल्वेगाडी थेट धक्क्यावर येऊन उभी राहायची. आजोबा स्वतः देवगडला जायला निघाले की तीन-चार किलोमीटर उत्तरेला, माझगावात, भाऊच्या धक्क्यावर. तिथली सगळी गर्दी आपली.

बॅलार्ड पिअरचं नवीन क्रूझ टर्मिनल सप्टेंबर २०२५मध्ये सुरू झालं. लाटांसारखं छत, चेक-इन आणि इमिग्रेशन मिळून ७२ काउंटर, वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय, पाच जहाजं एका वेळी लागतील एवढी जागा. खोटं कशाला बोलू, बघून छाती फुगली. दारातच बॅगेला पट्टी लावून ती घेऊन गेले. आई त्या पोऱ्याच्या मागे चार पावलं गेलीसुद्धा. बॅगेत लाडू होते. परत येऊन माझ्या कानाशी लागली, "आमी बोटीत बसूक इलंव की इमानात?"

प्रश्न बिनतोड आहे. एक्स-रे, रांग, बोर्डिंग पास, सरकता जिना. समुद्राचा वास कुठेच नाही. तिच्या लहानपणी धक्क्यावर सुक्या मासळीचा आणि डिझेलचा वास असायचा, बोटीवर चढताच डेकवर सतरंजी फेकून जागा धरायची, आणि जयगड ओलांडेपर्यंत निम्म्या डेकला बोट लागलेली असायची. देवगडला बोट बाहेरच नांगर टाकायची. मग पडावात उतरायचं, पोरंबाळं, ट्रंका, कोंबड्यांसकट. पावसाळ्यात सगळं बंद. हे काही रम्य वगैरे नव्हतं. १९४७च्या जुलैत रेवसजवळ रामदास बोट बुडाली ती कहाणी आमच्या घरी अजून दबक्या आवाजात सांगतात.

ऐंशीच्या दशकात ती कोकणची बोटसेवा संपली. त्यानंतर कोकणात जायचं तर एसटी, पुढे रेल्वे, आणि गणपतीत महामार्गावर रात्र काढायची. माझी खाज इथेच आहे. समुद्र तोच, मुंबई तीच, ३०० मीटरच्या जहाजाला लागेल एवढी खोली आणि एवढी इमारत आपण उभी करू शकतो. पण हे जहाज कुणाला कुठे पोचवत नाही, फिरवून परत इथेच आणून सोडतं. त्याला माझी ना नाही, मीही पैसे मोजूनच गेलो. फक्त रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, मालवण ही जुनी थांब्यांची माळ डोळ्यांसमोर ठेवून कुणी एवढ्याच हौसेने बांधकाम केलं असतं तर? रो-रोच्या, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणाऱ्या बोटींच्या, घोषणा ऐकून ऐकून कान किटलेत, म्हणून विचारतोय.

रात्री जेवण झाल्यावर आई डेकवर दिसेना. खालीवर शोधलं. अकरा मजल्यांच्या बोटीत आई हरवणं म्हणजे काय ते अनुभवल्याशिवाय कळणार नाही. शेवटी डाव्या बाजूच्या कठड्याशी सापडली, शाल गुंडाळून. पाठीमागे डीजे. समोर मिट्ट काळोख, लांबवर मासेमारीच्या होड्यांचे दोन-चार दिवे.

"देवगड गेला काय रे?"

मोबाईल काढला, रेंज नव्हती. गेला असेल, म्हटलं.

"थांबणार नसलेच," ती म्हणाली, आणि पिशवीतून लाडू काढला. बॅग केबिनमध्ये आल्याबरोबर पहिला डबाच मोजला होता म्हणे.