‘आधी सगळं नॉर्मल होऊ द्या, मग ऑपरेशन’: खुब्याच्या फ्रॅक्चरबद्दलचा घातक सल्ला

“म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशनच्या फंदात पडू नका. या वयात भूल झेपत नाही. सहा आठवडे पायाला वजन लावून झोपवून ठेवा, हाड आपोआप जुळतं. करायचंच असेल तर आधी बीपी, शुगर, हृदय सगळं नॉर्मल होऊ द्या. घाई डॉक्टरला असते, पेशंटला नाही.”

अशा अर्थाचा मेसेज सध्या जोरात फिरतोय. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण घरचे नेमके गांगरलेले असताना तो त्यांच्या हाती पडतो आणि पेशंटचे मोलाचे तास खातो.

हाड आपोआप जुळतं म्हणे. कुठे मोडलेलं? मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला खुब्याच्या खोबणीत बसणारा गोळा असतो, आणि गोळ्याखालच्या निमुळत्या भागाला हाडाची मान म्हणतात. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बहुतेक बारीक वाहिन्या या मानेवरून वर जातात. मानेत मोडून हाड सरकलं की त्या तुटतात किंवा पिळवटतात. मग जुळणं राहिलं बाजूला, गोळाच निकामी होऊ शकतो. म्हणून उतारवयात अशा वेळी सहसा हा गोळाच (बॉल) बदलून कृत्रिम बसवतात. मानेच्या खालच्या भागात रक्तपुरवठा चांगला असतो, तिथलं हाड वजन लावूनही जुळू शकतं, हे मान्य. मात्र पाय आखूड आणि बाहेर वळलेला राहण्याची भीती असते, आणि जुळेपर्यंतचे कित्येक आठवडे अंथरुणातच जातात.

त्या अंथरुणाबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. बसवलेलं नसलेलं हाड घेऊन पडलेल्या माणसाला बेडपॅन देऊन पाहा. कंबर चार बोटं उचलली तरी मोडलेली टोकं हलतात आणि तो किंचाळतो. मग लघवीलाच लागू नये म्हणून तो पाणी पिणं कमी करतो. कूस बदलू देत नाही. माकडहाडावर लाल चट्टा उठतो, टाचेची कातडी सोलवटते. दुखतं म्हणून नीट खोकत नाही, कफ साठून न्यूमोनिया होतो. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, लघवीच्या नळीमुळे जंतुसंसर्ग, रात्री बरळणं, हे सगळं एकामागोमाग येतं. ऑपरेशनला जोखीम आहेच. पण पडून राहण्याची जोखीम शून्य धरून मांडलेला हिशोब चुकणारच. बरं, ऑपरेशनपूर्वी पायाला वजन लावल्याने दुखणं कमी होतं असंही चाचण्यांत दिसलेलं नाही. त्यापेक्षा जांघेत दिलेला नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन, कितीतरी उपयोगी.

भुलेचं थोडक्यात. पाठीतून की पूर्ण, यावर १,६०० पेशंटांची मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ६० दिवसांनंतर मृत्यू आणि चालता न येणं यांत दोन्ही गटांत विशेष फरक नव्हता. नुसत्या वयावरून भूल नाकारली जात नाही.

आता ‘सगळं नॉर्मल’. हा मुद्दा शहाणपणाचा वाटतो, म्हणून जास्त घातक. पंधरा वर्षांचा मधुमेह चार दिवसांत नॉर्मल होत नाही, जुनं हृदयही तरुण होत नाही. थांबायचं ते एक-दोन दिवसांत सुधारेल अशाच गोष्टीसाठी: खूप कमी हिमोग्लोबिन, बिघडलेलं सोडियम-पोटॅशियम, हृदयाचे बेफाम ठोके, फुफ्फुसात भरलेलं पाणी. बीपी थोडं जास्त आहे किंवा इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट यायचाय, एवढ्यावर तारीख पुढे ढकलू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. अ‍ॅस्पिरिनसाठी थांबत नाहीत, क्लोपिडोग्रेलसाठीही आता आठवडाभर वाट पाहत नाहीत. वॉरफरिनचा परिणाम औषधाने उतरवता येतो. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांचा परिणाम ओसरायला, शेवटचा डोस आणि किडनीचं काम पाहून, साधारण एक-दोन दिवस लागतात. म्हणून घरच्यांनी गोळीचं नाव आणि शेवटची गोळी कधी घेतली ती वेळ, दोन्ही सांगायला हवं. फायली चाळण्यात उगाच वेळ जातो.

घाईचं म्हणाल तर तीही मोजून झाली आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ४२,२३० पेशंटांच्या नोंदी तपासल्या गेल्या (२०१७). २४ तासांपेक्षा जास्त थांबलेल्यांत महिन्याभरातले मृत्यू आणि गुंतागुंत जास्त होती. तब्येत जास्त खराब म्हणूनच ते थांबले असतील, ही शंका रास्त आहे. अभ्यासकांनी आधीचे आजार हिशेबात धरले होते, तरी अशा नोंदींतून ती पूर्ण मिटत नाही. २०२० मध्ये १७ देशांतल्या २,९७० पेशंटांवरची चाचणी आली. निदानानंतर सुमारे ६ तासांत ऑपरेशन विरुद्ध सुमारे २४ तासांत. मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण लवकर ऑपरेशन झालेल्यांत भ्रम (बरळणं, भान सुटणं) कमी झाला, माणसं लवकर उभी राहिली, लवकर घरी गेली. आणि त्यातला ‘उशिराचा’ गटसुद्धा एका दिवसाचा होता, आठवड्याचा नव्हे! ब्रिटनचं मार्गदर्शन सांगतं की दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. अमेरिकेतल्या अस्थिशल्यतज्ज्ञांचं म्हणणं २४ ते ४८ तासांत. मध्यरात्री थिएटर उघडा असं कोणी म्हणत नाही.

ऑपरेशन न करणं कधीच योग्य नसतं का? असतं. आधीपासून अंथरुणाला खिळलेला, शेवटच्या आजारात असलेला माणूस असेल, तर त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलून शस्त्रक्रिया टाळणं रास्त ठरू शकतं. नेदरलँड्समध्ये अशा अतिजर्जर पेशंटांचा अभ्यास झाला. शस्त्रक्रिया न करण्याचं ठरलेल्यांपैकी बहुतेक जण काही आठवड्यांतच गेले, पण त्यांचे शेवटचे दिवस ऑपरेशन झालेल्यांच्या तुलनेत अधिक हालाचे नव्हते. तिथे हाड जुळण्याची वाट कोणी पाहत नव्हतं. दुखणं दाबायचं आणि माणसाला आराम पडेल ते करायचं, एवढंच ठरलेलं होतं.