कपभर मैदा २५० ग्रॅम भरत नाही हो ताई!

ताई, एवढी मोठी कमेंट टाईप केलीत त्याबद्दल आधी थँक्यू, रागाने का होईना. तुमचं म्हणणं असं, की मी नानकटाईत '१ कप मैदा, १२५ ग्रॅम' लिहिलं ते साफ चुकलंय, एक कप म्हणजे २५० हे शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल, म्हणून तुम्ही मनानेच दुरुस्ती करून अर्धा किलोच्या पाकिटातला अर्धा मैदा घेतलात आणि मग गोळाच वळेना, सगळा भुगा. शिवाय आमची आजी वाटीनेच करायची, तेव्हा कुठे होते वजनकाटे!

अहो ते २५० मिली, ग्रॅम नव्हे. पाणी असतं तर जवळपास तेवढं भरलंही असतं, पण मैद्यात निम्मी हवाच असते. तरी म्हटलं उगाच आपला हेका नको, म्हणून काल रात्री जेवणं आटपल्यावर ओट्यावर काटा मांडला. २४० मिलीचा कप डब्यात खुपसून भरला, वरून सुरी फिरवली, १४८ ग्रॅम. चमच्याचमच्याने अलगद भरला तर १२२. चाळून भरला तर ११३. कप तोच, डबा तोच, हात पण माझेच, आणि फरक ३५ ग्रॅमचा. (नवरा म्हणे, सोनं तोलतेस का.) त्याच कपात साखर भरली तर २०० आणि पातळ केलेलं तूप २१८. म्हणजे एका कपाचे ग्रॅम किती हे विचारायचं तर आधी कशाचे ते सांगायला लागतं. त्यात कप पण एक नाही, अमेरिकेतला २४० च्या आसपास, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानमधला २००, आणि आपली आमटीची वाटी बघाल तर माझ्याकडची जेमतेम १५० ची आहे.

आता आजीचं. ते मला शंभर टक्के मान्य, मी पण मोदकाची उकड वाटीनेच काढते, वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, वाटी कुठली का असेना. सगळं एकाच वाटीने मोजलं की ती केवढी हा प्रश्नच येत नाही. पूर्वी चिपटं, मापटं, पायली ही सगळी भरून द्यायचीच मापं होती की, पायलीभर ज्वारी आणि पायलीभर पोहे एका वजनाचे भरावेत असं कुणाच्या मनातही येत नसेल. शेर तर मापाचा वेगळा आणि वजनाचा वेगळा. पण तुम्ही तूप कपाने घेतलंत आणि मैदा पाकिटावरच्या ग्रॅमवर, तिथे गडबड झाली. आजीने असं केलं नसतं हो.

बरं, एक चूक मात्र माझीच आहे आणि ती तुम्ही पकडली नाहीत! मी नुसतं 'अर्धा कप साखर, दळून' लिहिलंय. मला म्हणायचं होतं अर्धा कप पिठीसाखर, ती भरते ६० ग्रॅम. पण जसं लिहिलंय तसं अर्धा कप दाणेदार मोजून मग दळली तर १०० ग्रॅम होते, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. आज दुरुस्त करते आणि पुढच्या सगळ्या बेकिंगच्या रेसिपीत ग्रॅम आधी, कप नंतर.

तो भुगा फ्रिजमध्ये ठेवलाय म्हणालात ना, टाकू नका. तुमचा मैदा बरोबर दुप्पट झालाय, तेव्हा बाकीचं पण दुप्पट करा, म्हणजे अजून पाव कप बेसन, अजून अर्धा कप तूप. साखर मात्र परत अर्धा कप घालू नका, माझ्या त्या घोळामुळे ती आधीच १०० ग्रॅम गेलीये, दोन मोठे चमचे पिठीसाखर बास. तासभर बाहेर ठेवून मग मळा, गार तुपाने वळणार नाही. दोन ट्रे होतील.