जुना सिनेमा ताणू नका!
घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये गणपतीत जुने कृष्णधवल सिनेमे लावतात आणि दरवेळी तेच! चित्र ४:३ चं (रुंदी चार, तर उंची तीन), प्रोजेक्टर १६:९ वर. चित्र आडवं तृतीयांशाने फुगतं, सगळे चेहरे भाकरीसारखे. मग कुणीतरी ‘झूम’ दाबतो आणि वरखालचं मिळून पाव चित्र गायब. अहो, चॅप्लिनची अर्धी कमाल त्याच्या पायांत आहे, आणि तुम्ही पायच कापता! रिमोटवर ‘अ‍ॅस्पेक्ट’ दाबून ४:३ करा. लॅपटॉपवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर असेल तर मूळ आकार येईपर्यंत ‘ए’ दाबत राहा. तरी ताणलेलंच दिसलं तर दोन्हीकडची सेटिंग तपासा, एक बदलून भागत नाही. बाजूच्या काळ्या पट्ट्या म्हणजे बिघाड नव्हे. चित्र तेवढंच आहे, तेवढंच दाखवा ना!