हप्त्यावर प्लॉट घेताय? मग हे कराच

सगळ्यात आधी बँकेचा नाद सोडा. ते लोक लोन द्यायच्या आधी तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जमीन कोणाकोणाच्या नावावर होती त्याची तपासणी) मागतात, एनए ऑर्डर (जमीन बिगरशेती केल्याचा आदेश) मागतात, आणि एवढं सगळं देऊन वर नाहीच म्हणतात. आपला प्लॉट विकणारा शेठ बघा, काही म्हणजे काही मागत नाही. आठ लाखाचा प्लॉट, दोन लाख डाउन पेमेंट, बाकीचे साडेबारा हजाराचे 48 हप्ते, व्याज शून्य. (व्याज रेटमध्येच घातलंय हे शेजारच्या गावातला भाव विचारला की कळतं, पण विचारायचं कशाला.) जिथे बँक एक रुपया लावायला घाबरते तिथे आपण पीएफ काढून लावायचा, याला म्हणतात हिंमत.

रविवारी साइट व्हिजिटला सहकुटुंब जा. गाडी त्यांची, वडापाव त्यांचा. माळावर फक्कीच्या रेघा, कोपऱ्याकोपऱ्यावर झेंडे, कंपाउंड कुठेच नाही पण गेट मात्र भारी. प्रस्तावित रिंगरोड ते बोटाने दाखवतात, त्या दिशेला बघून मान हलवायची आणि लगेच टोकन द्यायचं, कारण तुमच्या मागे अजून चार जण उभे असतात (ते दर रविवारी असतात).

सातबारा मोबाईलवर फुकट दिसतो, तेवढं मात्र टाळा. उगाच 'इतर अधिकार' या रकान्यात सोसायटीचा बोजा (जमिनीवरचं कर्ज) दिसेल, कूळ (दुसऱ्याची जमीन कसणारा हक्कदार) दिसेल, आणि मालक म्हणून शेठचं नाव कुठेच दिसणार नाही. कारण शेठने पण शेतकऱ्याशी फक्त साठेखत (पुढे विकायचा करार) केलंय आणि तो पण हप्त्यानेच पैसे देतोय, तुमच्याच हप्त्यातून. त्याचा हप्ता चुकला की शेतकरी व्यवहार मोडतो, आणि तुमचे सगळे हप्ते वेळेवर असले तरी तुमचा प्लॉट गेला. म्हणून म्हणतो, बघूच नका.

रेराचा, म्हणजे घर-प्लॉट विक्रीवरच्या कायद्याचा, विषय काढू नका. 500 चौरस मीटरच्या वर जमीन आणि आठच्या वर प्लॉट असले की महारेरा (त्या कायद्याचं राज्यातलं प्राधिकरण) नोंदणी लागते, ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोड पण लागतो. पण ऑफिसमधला मुलगा इतक्या प्रेमाने सांगतो ना, "सर, रेरा फ्लॅटला असतो, प्लॉटला नाही", की कायद्यात प्लॉट चक्क लिहिलाय हे त्याला सांगवत नाही. त्याच कायद्यात असंही आहे की रजिस्टर करार केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांवर पैसे घेता येत नाहीत. म्हणजे तुमच्या केसमध्ये 80 हजार. तुम्ही दोन लाख दिलेत, शाब्बास.

कागद नोटरीचाच करा. पूर्वी शंभराच्या स्टॅम्पवर काम भागायचं, 2024 पासून पाचशेचा लागतो, एवढीच काय ती महागाई. नोंदणी ऑफिसला जाऊन स्टॅम्प ड्युटी कोण भरणार! नुसत्या साठेखताने जमिनीत हक्क तयार होत नाही, कुलमुखत्यारपत्राने (पॉवर ऑफ अटर्नी) मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये स्पष्ट सांगितलंय, पण सुप्रीम कोर्टाला कुठे तुमच्या शेठचा स्वभाव माहितीये.

पावतीच्या मागची बारीक अक्षरं वाचायला चष्मा लावू नका. तिथे लिहिलंय की सलग तीन हप्ते थकले तर बुकिंग रद्द आणि भरलेली रक्कम जप्त. शेठने खरेदीखत (मालकी देणारा नोंदणीकृत कागद) तीन वर्षं लांबवलं तर काय, याला जागा पुरली नसावी. असल्या एकतर्फी अटी टिकत नाहीत असं सुप्रीम कोर्टाचा 2019 चा निकाल म्हणतो, आणि रस्ते, लाइट, पाणी देतो म्हणून विकलेला प्लॉट ही सेवा आहे, त्यासाठी ग्राहक कोर्टात जाता येतं, असं 2012 चा. म्हणून तर शेठ रस्ते-लाइट-पाणी फक्त तोंडी देतो, आणि तुम्ही पण ब्रोशर रद्दीत घालून त्याला साथ द्या.

आता शेवटचं काम, वाट बघणं. खरेदीखताची तारीख करारात असेल तर तेव्हापासून तीन वर्षांत दिवाणी कोर्टात दावा लावावा लागतो, त्यामुळे ती तीन वर्षं शेठच्या "दिवाळीनंतर करू"वर नीट काढायची. नोटीस पाठवून संबंध बिघडवू नका. आणि हप्ता 5 तारखेच्या आत भरा, उशीर झाला तर रोजचा दंड लागतो.