घरी न जाता गृहभेट कशी करावी

नव्याने परिवीक्षा अधिकारी, म्हणजे केसमधल्या पोराच्या घरी जाऊन मंडळासाठी अहवाल लिहिणारे, झालेल्या साहेबांना आणि बाईंना आधी शुभेच्छा. परवा बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या पोरांच्या केसेस जिथं चालतात तिथं, असाच एक सामाजिक तपासणी अहवाल ऐकायला मिळाला आणि वाटलं, एवढी कला एकाच माणसापाशी राहू नये, सगळ्यांना शिकवावी. पोर कुठल्या गावचं, केस कसली, ते सांगत नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. मुलाची ओळख फोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

तुम्ही मात्र गावात शिरताना सरकारी जीप सरळ मारुतीच्या देवळासमोर लावा आणि कट्ट्यावर बसलेल्यांना विचारा, ‘मोबाईल चोरला त्या पोराचं घर कुठलं?’ पत्ता लगेच मिळतो. चार माणसं दारापर्यंत सोडायलाही येतात.

जायची वेळ सकाळी साडेअकरा. बाप उद्यमबागेतल्या कारखान्यात पहिल्या पाळीला, आई भांगलणीला, थोरली बहीण कॉलेजला. कुलपाकडे बघायचं, ‘घर बंद आढळले’ लिहायचं आणि जेवणाच्या सुट्टीआधी बेळगावात परत. संध्याकाळी सातनंतर गेलात तर घोटाळा होतो. तेव्हा सगळे घरात सापडतात.

खरं तर जायचंच कशाला? पोराला मंडळापुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यातले बारा दिवस फाईल टेबलावर मुरू द्या. तेराव्या दिवशी बापाला एक फोन लावा. त्यानं उचलला नाही तर उत्तमच. चौदाव्या दिवशी मागच्या केसचा नमुना ६, म्हणजे अहवालाचा ठरलेला फॉर्म, उघडा आणि नाव, वय, जात बदला. सवयींच्या चौकटीत ‘धूम्रपान’वर खूण करा, सगळीच पोरं ओढतात. ‘मित्रपरिवार : वाईट संगत.’ ‘गुन्ह्याचे कारण : वाईट संगत.’ शिफारशीच्या रकान्यात ‘योग्य तो आदेश व्हावा’. पंधराव्या दिवशी सही.

पोर हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातलं निघालं तर ‘परराज्यातील’ एवढं लिहा आणि मोकळे व्हा.

अहवालात ‘आरोपी’, ‘गुन्हेगार’ हेच शब्द घाला. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा कायद्यातला शब्द टाईप करायला वेळ लागतो.

आता मुख्य विद्या, भाषेची. नीट ऐका. चुकून आई घरात सापडलीच तर प्रश्न कन्नडमध्ये विचारायचे आणि भराभर विचारायचे. पोरगं शाळेत कधीपासून जात नाही? रात्री कितीला येतं? हातात पैसे कुठनं आले? नवरा दारू पितो का? आयुष्यभर रानात आणि चुलीपुढं राबलेली बाई, तिला कन्नड येतं ते बाजारापुरतं. घाबरून ती चारही प्रश्नांना एकच शब्द म्हणते, ‘गोत्तिल्ला’, म्हणजे माहीत नाही. तिला म्हणायचं असतं, साहेब, तुमचं बोलणं कळंना. तुम्ही लिहायचं, ‘मुलाबाबत आईस काहीही माहिती नाही. पालकांचे मुलावर लक्ष व नियंत्रण नाही.’ मग कागद पुढं सरकवायचा आणि म्हणायचं, ‘सही हाक्री’, सही करा. ती अंगठा उठवते. वाचून कोण दाखवणार? दुभाषी लागलाच तर समोरच्या किराणा दुकानदाराला हाक मारा. ज्याचा मोबाईल गेला तोच असला तर आणखी चांगलं, शेजाऱ्यांच्या मताचा रकानाही तिथल्या तिथं भरून होतो.

आणि हे एक वाक्य काय करतं, ठाऊक आहे की नाही? कलम १८ खाली मंडळापुढे बरेच रस्ते असतात. समज देऊन सोडणं, समुपदेशन, समाजसेवा, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर आईबापाच्या ताब्यात देणं, आणि अगदी शेवटी तीन वर्षांपर्यंत विशेषगृहात, म्हणजे घरापासून दूर सुधारगृहात, ठेवणं. आईबापाच्या ताब्यात द्यायचं तर आईबाप सांभाळतील का, हे मंडळ कशावरून ठरवणार? तुमच्याच कागदावरून. त्यावर ‘नियंत्रण नाही’ असेल तर घरचा रस्ता तिथंच बंद. ते पोर रोज पहाटे बापाचा डबा बांधून देतं, शाळा सुटली ती फीमुळं नाही तर आठवीनंतर मराठी वर्ग लांब पडला म्हणून, मोबाईल उचलायला लावणारा पंचवीस वर्षांचा बाप्या गावात उजळ माथ्यानं हिंडतोय, यातलं काही त्या कागदावर येत नाही. मोठ्या माणसानं मुलाला वापरून घेतलं का, हे तर नमुन्यातच विचारलेलं असतं. तिथं तुम्ही ‘नाही’ लिहिता. कुणाला विचारून?

भांडण कन्नडशी नाही, उगाच तिकडं नेऊ नका. कर्नाटकात अहवाल कन्नडमध्येच होणार, आणि अर्धं बेळगाव दोन्ही भाषांत जेवतं-भांडतं. प्रश्न विचारायला मराठी येणारा माणूस न्या, उत्तर लिहा, आणि सही घेण्याआधी तिच्या भाषेत वाचून दाखवा. वीस मिनिटांचं काम आहे.

बरं, पुढं चला. पोर देखरेखीखाली सुटलं तर देखरेख म्हणजे हजेरी, हे पक्कं लक्षात ठेवा. दर महिन्याला त्याला कणकुंबीहून बेळगावला बोलवायचं, दोन तास बाकावर बसवायचं आणि वहीत सही घेऊन परत पाठवायचं. बायकांना फुकट बसप्रवास देणाऱ्या कर्नाटकच्या शक्ती योजनेत आईला तिकीट पडत नाही, पोराला पडतं. शिवाय दिवसाची मजुरी बुडते. तिसऱ्या महिन्यात ते येत नाही. मग लिहायचं, ‘अटींचा भंग’.

आणि पोर पहाटे उठून अग्निवीर भरतीसाठी पळत असेल तर त्याला सांगून टाका, ‘केस झाली, आता भरती विसर.’ मराठा लाईट इन्फंट्रीच्या गावात याहून धारदार वाक्य नाही. कलम २४ उघडून बघू नका. बाल न्याय कायद्याखाली निकाल लागलेल्या मुलाला त्या निकालामुळे कुठलीही अपात्रता चिकटत नाही आणि ठरलेल्या मुदतीनंतर कागदही नष्ट करायचे असतात, असं तिथं लिहिलंय. सोळा वर्षांपुढचं जे पोर मंडळाऐवजी बाल न्यायालयात दोषी ठरतं तेवढंच त्याला अपवाद. हे पोराला कळलं तर ते पुन्हा पळायला लागेल की.

जिल्हा केवढा आहे ते आम्हालाही दिसतं. अथणी एका टोकाला, खानापूर दुसऱ्या. गाडीला डिझेल नाही, पावसात जांबोटीकडचे रस्ते, एका माणसाच्या गळ्यात दोघा-तिघांचं काम, सगळं कबूल. पण त्याची सोय कायद्यातच आहे. परिवीक्षा अधिकारी उपलब्ध नसेल तर बालकल्याण अधिकाऱ्याकडून किंवा सामाजिक कार्यकर्त्याकडून तपासणी करून घेता येते, कलम ८ मध्ये स्पष्ट आहे. मंडळाला एक ओळ लिहायची, ‘मला जाणे शक्य नाही, दुसऱ्याची नेमणूक व्हावी.’ ती ओळ लिहायला कमीपणा वाटतो आणि ‘प्रत्यक्ष गृहभेट दिली’ हे खोटं लिहायला वाटत नाही? पगार कशाचा घेता मग? एक पोर निरीक्षणगृहात, केस चालेपर्यंत पोरांना ठेवतात तिथं, बसून आई कधी येणार म्हणून विचारतंय, आणि तिला अजून माहीत नाही की आपण कशावर अंगठा उठवला.

परवाच्या अहवालात ‘घर : पक्के, दोन खोल्या’ असं होतं. ते पत्र्याचं आहे, आणि खोली एकच आहे.