‘संशोधनाने सिद्ध झालंय’ म्हणे. नक्की काय?

परळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, आणि बहुधा तुमच्याही, एक फॉरवर्ड फिरतोय: ‘मोबाईल गेम म्हणजे डिजिटल कोकेन’. खाली चार विधानं आणि प्रत्येकाच्या शेपटीला ‘हे संशोधनाने सिद्ध झालं आहे’. संशोधन कोणाचं, कधीचं, काही पत्ता नाही. तेव्हा एकेक विधान बघू.

‘मारामारीचे गेम खेळणारी मुलं हिंसक होतात.’ यावर संशोधकच वर्षानुवर्षं आपसात भांडताहेत. जुने प्रयोग साधारण असे: थोडा वेळ गेम खेळायला द्यायचा, मग न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या कानात कर्कश आवाज सोडायला सांगायचं. त्यावरून आक्रमकपणा ठरवताना कुणी आवाजाची पातळी मोजली, कुणी तो किती वेळ सोडला ते, कुणी दोन्हींचा गुणाकार. मोजमाप बदललं की निष्कर्षही बदलायचा. २०१९ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासाने ही पळवाट बंद केली. काय मोजणार, कसं मोजणार, हे आधीच लिहून नोंदवलं. १४-१५ वर्षांची हजारेक मुलं घेतली. गेम किती हिंसक, हे मुलांच्या सांगण्यावर न सोडता अधिकृत मानांकनावरून ठरवलं आणि मुलगा किती आक्रमक वागतो ते पालकांना विचारलं. संबंध सापडला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये म्हटलं, की ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी छोटासा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसेशी गेम जोडायला पुरावा अपुरा आहे. (ढकलाढकलीच मोजायची तर सकाळी दादरच्या पुलावर या. तिथे गेम कोणी खेळत नसतं.)

‘कोकेनइतकंच डोपामिन सुटतं.’ डोपामिन म्हणजे बक्षिसाच्या ओढीशी जोडलेलं मेंदूतलं रसायन. या विधानाचं मूळ बहुधा १९९८ चा ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेतला एक प्रयोग. लंडनमध्ये आठ पुरुषांना रणगाड्याचा गेम खेळायला लावून मेंदूचं स्कॅन केलं. डोपामिन वाढलं, हे खरं. पण माणसं आठ, शिवाय चांगलं खेळल्यावर पैसेही मिळणार होते. मग वाढलं ते गेमने की बक्षिसाने? कोकेन तर त्या प्रयोगात नव्हतंच.

‘जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगला आजार ठरवलं.’ अर्धवट. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि साधारण वर्षभर हे इतकं चालणं की शिक्षण, घर, काम यांचं खरोखर वाटोळं व्हावं, तेव्हाच ते निदान. सुट्टीत दिवसभर खेळणारं पोर त्यात बसत नाही.

‘तासाभराहून जास्त खेळलं की मानसिक आरोग्य ढासळतं.’ किती तास खेळलास, असं विचारलं की लोक चुकीचं सांगतात. म्हणून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी थेट कंपन्यांकडून खेळण्याच्या नोंदी घेतल्या. २०२२ च्या त्यांच्या अभ्यासात जवळपास ३९ हजार खेळाडू आणि सात गेम होते. किती तास खेळले याचा मनःस्थितीवर परिणाम जवळजवळ शून्य. स्वतःला हवं म्हणून खेळतोय की खेळल्याशिवाय राहवत नाही म्हणून, हे जास्त महत्त्वाचं ठरलं. हे खेळाडू प्रौढ होते, त्यामुळे मुलांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणार नाही. पण मग ‘एक तास’ आला कुठून?

खेळण्यामुळे झोप, अभ्यास, मैदान सुटतंय का, हे जरूर बघावं. मात्र आमच्या कंपाउंडमध्ये ‘येथे क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी आहे आणि तिच्याखालच्या पायरीवर चार पोरं एका पॉवर बँकेला फोन लावून ‘अरे, रिव्हाइव्ह दे ना!’ म्हणून ओरडत असतात. पाटी लावणारे आणि फॉरवर्ड पाठवणारे तेच.

काळजी करण्याजोगी गोष्ट या फॉरवर्डमध्ये नाहीच: पैसा. बीजीएमआय या मोबाईलवरच्या गोळीबाराच्या गेममध्ये यूसी, म्हणजे गेममधलं चलन, खऱ्या पैशांनी विकत घेऊन क्रेट, म्हणजे बंद पेट्या, उघडायच्या; आत काय निघेल ते नशिबावर. अशा बंद पेट्यांवर जास्त खर्च करणाऱ्यांमध्ये जुगाराचे त्रासही जास्त दिसतात, असं २०१८ च्या सात हजारांहून अधिक खेळाडूंच्या अभ्यासात आढळलं आणि पुढच्या अभ्यासांतही दिसत राहिलं. जुगारी वृत्तीची माणसं पेट्यांकडे वळतात की पेट्यांमुळे ती सवय लागते, हे त्यातून ठरत नाही. आपल्या यूपीआयमधून यूसी घेतले गेलेत का, हे मात्र आज रात्रीच बघता येईल.