ऑन म्हणजे काय टपावर?

परत लाल रेघ! पोरीनं लिहिलं होतं, ‘आय गॉट इन द बस’. बाईंनी ‘इन’ खोडून ‘ऑन’ केलं. अहो, ऑन म्हणजे काय टपावर? सातारा स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं आम्ही, आजवर एसटीच्या आतच बसत आलोय की!

नियम म्हणे असा: उभं राहून चालता येतं ती बस, रेल्वे, विमान सगळं ‘ऑन’. वाकून घुसायचं ती कार, रिक्षा ‘इन’. मग सायकल ‘ऑन’ कशी? तिच्यात कोण येरझाऱ्या घालतं? आणि आमच्या वडापच्या जीपचं काय? आत चौदा कोंबलेले, मागं तिघं लोंबकळणारे. एकाच जीपला दोन शब्द लावू का आता?

उतरताना आणखी ताप. बसमधून ‘गेट ऑफ’, कारमधून ‘गेट आउट’. आमचं जन्मभराचं ‘गेट डाउन’ गेलं खड्ड्यात. ‘बाय बस’ चालतं, ‘बाय माय कार’ नाही, तिथं परत ‘इन’. ‘बाय वॉक’ तर नाहीच, ‘ऑन फूट’ म्हणे. पायाशिवाय कशावर चालणार होतो?

आपल्याकडं कसं, एसटीत चढलो, कराडला उतरलो, विषय संपला. (एसटी ‘लागली’ म्हणजे फलाटाला आली आणि पोरीला एसटी ‘लागली’ म्हणजे पिशवी शोधा, हे मात्र गोऱ्याला कोण समजावणार!)

पाच वेळा लिहून आणायचंय. बसलीय रडत.